नोकरी सोडू नकोस, गावी जास्त जा

वाचकाचं पत्र, थोडं संक्षेपाने:

"ताई, मी ३१ वर्षांची आहे, धनकवडीत राहते, हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमचं गाव राजापूर तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. घर आहे, काका-काकू तिथेच असतात. फोटो काढायचा नाद जुना आहे. आता कोकणातल्या वन्यजीवांवर दीड तासाची डॉक्युमेंटरी करायची ठरवलीय, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत. कुणापुढे हात पसरायचे नाहीत. ५ लाख साठवलेत. त्यातून चांगला कॅमेरा, मोठी लेन्स आणि ड्रोन घ्यायचा आणि दिवाळीनंतर राजीनामा द्यायचा, असा विचार आहे. बाबा म्हणतात, हे खूळ आहे. काका म्हणतात, गावात कॅमेरा घेऊन फिरू नकोस, लोक संशय घेतात. राजीनामा देऊ का? कॅमेरा कुठला घेऊ? आणि एवढं करून हे बघणार कोण?"

प्रिय मैत्रिणी,

राजीनामा देऊ नकोस. हे उत्तर आधी देऊन टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मी बाबांची बाजू घेत नाहीये. ही फिल्म तू करावीस असं मला मनापासून वाटतं आणि ती पुरी व्हावी म्हणूनच हे सांगतेय. प्राणी-पक्षी आपल्या सवडीने येत नाहीत. पगार चालू असला की यंदा हुकलेलं पुढच्या वर्षी टिपता येतं. पगार बंद झाला की तुझे ५ लाख घरभाडं आणि किराणा यांतच वितळायला लागतील आणि हाताशी असेल तेवढ्यावर फिल्म उरकावी लागेल.

मी डॉक्युमेंटरींचं संकलन करते. स्वखर्चाने फिल्म करणारी मंडळी हार्ड डिस्क घेऊन येतात, तेव्हा पहिल्या तासाभरात कळतं की यांचे पैसे कशावर गेले. एकेक शॉट देखणा असतो. खंड्या, सूर्यास्त, वरून दिसणारा किनारा, मग आणखी एक खंड्या. पण एका शॉटमधून दुसऱ्यात जायला वाट नसते, कारण प्रत्येक जागी दीड-दोन दिवसच मुक्काम झालेला असतो. महाराष्ट्राचा किनारा ७०० किलोमीटरहून लांब आहे. तो ५ लाखांत आणि एकटीने करायला गेलीस तर नेमकं हेच होईल.

त्यापेक्षा तुझं गाव घे. फक्त तुझं गाव.

तू लिहिलंयस त्यावरून वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, मध्ये वाड्या आणि भातशेती, खाली खाडी, कांदळवन आणि पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, एवढं सगळं तीन-चार किलोमीटरच्या आत आहे. सड्यावर पडलेला पाऊस वहाळातून, म्हणजे ओढ्यातून, शेतात, शेतातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातो. तुझ्या फिल्मची गोष्ट त्या पाण्याबरोबर चालू दे. मग कुठला शॉट कुठल्या शॉटनंतर लावायचा हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

सुरुवात दिवाळीनंतर न करता पावसाच्या तोंडावर कर. कोकणावरच्या बहुतेक फिल्म हिवाळ्यातल्या असतात, कारण तेव्हा जाणं सोयीचं. पण तुझ्या गावातल्या जिवांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की नदीतले मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, वहाळातून थेट भाताच्या खाचरात. वळगणीचे मासे तू लहानपणी खाल्ले असशील. रात्री बॅटरी घेऊन ते धरायला अख्खी वाडी बाहेर पडते. ते चित्रित कर, आणि करताना गावाला दोषी ठरवू नकोस. अंड्यावर आलेले मासे सरसकट धरले तर पुढे मासा उरत नाही, हे गावातली जुनी माणसंच तुला सांगतील. त्यांच्या तोंडून आलं की ते ऐकलं जाईल. त्याच रात्री पाणी भरलेल्या शेतात मोठे बेडूक पिवळेधमक होऊन ओरडत असतात. ना मोठी लेन्स लागते ना परवानगी. छत्री धरायला काकूंना बरोबर घे.

मग सडा. मे महिन्यात तिथे पाय भाजतात आणि टिटवी उघड्या कातळावर अंडी घालून बसलेली असते. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच कातळावर बोटभर मातीत गेंदाची पांढरी फुलं आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर पसरतो. सीतेची आसवं ही कीटक खाणारी वनस्पती आहे. तिच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक फुगे असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारीच दवबिंदू नावाच्या दुसऱ्या कीटकखाऊ वनस्पतीच्या लाल केसांवर चिकट थेंब चमकतात आणि त्यावर बसलेली माशी सुटत नाही. कातळावर माती जेमतेम, त्यात नायट्रोजन नाही, म्हणून ही झाडं किडे धरतात. एक दवबिंदू निवड, जवळून घेणारी लेन्स लाव आणि पोटावर पडून राहा. एका किड्याचं तिथे अडकणं पहिल्यापासून शेवटपर्यंत मिळालं, तर संकलनात त्याच्या जोरावर मी पाच मिनिटं उभी करीन. सुट्या फुलांचे शंभर शॉट असले तरी ते करता येत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या पुळणीवर ओढून झाकलेल्या असतात आणि एरवी पहाटे निघून जाणारी माणसं घरी असतात. समुद्राबद्दल बोलतं करायचं असेल तर हेच दोन महिने. ऑगस्टात ती हाती लागणार नाहीत.

आता तारखांबद्दल, कारण तुला नोकरी सांभाळून जायचंय. रजा कॅलेंडरवरच्या सुट्ट्या बघून टाकू नकोस, तिथी बघून टाक. काकांना विचार, ते सांगतील: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला साधारण तीनला, अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. शिवाय ती उधाणाची ओहोटी, पाणी सगळ्यात लांब जातं. कोवळ्या उन्हात खाडीचा चिखल उघडा पडलेला, हा योग महिन्यातून दोनदाच येतो. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, चिखलावर उड्या मारत एकमेकांशी भांडतात, एक नांगी भलीमोठी असलेले नर खेकडे ती हलवून माद्यांना बोलावतात, हिवाळा असेल तर दूरदेशीचे चिखले आणि तुतारी पक्षी त्यांच्या मागे धावत असतात. अष्टमीच्या आसपास गेलीस तर नेमक्या सकाळ-संध्याकाळी तिथे पाणीच असेल. खाडीत आत गेलं की वेळ थोडी पुढे सरकते, तेवढा फरक धर. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून निघायचं आणि रविवारी रात्री परत, अशी वर्षभराची शनिवार-रविवारांची जोडणी पंचांग समोर ठेवून आजच करता येईल.

ऊद, म्हणजे पाणमांजर, दिसेलच असं धरून चालू नकोस. खाडीकाठच्या खडकावर माशांची खवलं आणि काटे असलेली विष्ठा दिसली तर तो तिथे येतो एवढं कळतं. तिथे रोज एकाच जागी, वाऱ्याच्या उलट बाजूला बसायचं. तो दिसला नाही तरी त्याच्या खुणा, त्याची वाट आणि त्याने जाळ्यातला मासा पळवला म्हणून चिडलेला मच्छीमार, एवढ्यावरही ऊद फिल्ममध्ये येतो.

कासवांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यांना तोच शॉट हवा असतो. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यावर येतात, रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, आणि साधारण ५० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. मंडणगड तालुक्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संवर्धन सुरू केलं, तेव्हापासून ते काम किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत पोचलंय. पिल्लांच्या सुटकेचे व्हिडिओ आता भरपूर आहेत. तू तो शॉट एकदाच घे, आणि खरा वेळ त्या माणसाबरोबर काढ जो हिवाळाभर पहाटे अंधारात पुळण चालत कासवाच्या पावलांचा माग काढतो. गावातल्या कासवमित्राचे पाय, त्याची बॅटरी, घरटं सापडल्यावर हाताने वाळू बाजूला करण्याची त्याची पद्धत. हे फार थोड्यांनी धीराने चित्रित केलंय. पांढरा दिवा मात्र लावायचा नाही. पिल्लं उजेडाकडे जातात, तुझ्या दिव्यामुळे ती समुद्राकडे पाठ फिरवतील, आणि वर आलेली मादी अंडी न घालता परत जाईल. मंद लाल दिवासुद्धा वनविभागाची माणसं हो म्हणाली तरच.

परवानगीचं असं आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे घरट्याला, अंड्यांना हात लावणं हा गंभीर गुन्हा. कासवांच्या कामाजवळ कॅमेरा न्यायचा तर वनविभागाला लेखी कळव. रत्नागिरीच्या विभागीय वन अधिकाऱ्यांचं कार्यालय चिपळूणला आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या जागी चित्रीकरण करायला वेगळा परवाना लागतो. एका गावापुरती राहिलीस तर ती यातायात वाचते. स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या जमिनीवर शेजाऱ्यांचा होकार पुरतो, तोही आधी घेतलेला.

समुद्री गरुडाबद्दल, म्हणजे काकणाबद्दल, माझं मत ठाम आहे. काकण उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं बांधतो, वर्षानुवर्षं तेच वापरतो, आणि पिल्लाला मासे आणि समुद्रसाप आणून घालतो. दुरून, मोठ्या लेन्सने, तासन्‌तास बसून घे. पण ते झाड कुठलं, हे फिल्ममध्ये कळता कामा नये. मागची टेकडी, देऊळ, मोबाईलचा टॉवर, काहीही फ्रेममध्ये नको. खवले मांजर दिसलं तर त्याहून जास्त जप. खवल्यांसाठी त्याची शिकार होते आणि शिकाऱ्याला फक्त गावाचं नाव पुरतं. फोटोंवरची जागेची नोंद बंद कर. शूटिंग चालू असताना इन्स्टाग्रामवर काही टाकू नकोस, कितीही मोह झाला तरी.

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. राजापूर तालुक्यात अनोळखी माणूस सड्यावर यंत्र घेऊन फिरला की लोकांना आधी सर्वेक्षण आठवतं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावंच्या गावं रस्त्यावर आली होती. त्याआधी जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वादात वर्षं गेली. माणसांचा संशय अनुभवातून आलाय. म्हणून कॅमेरा बॅगेतून काढायच्या आधी वाडीवाडीत जाऊन बस, गावकरांना, सरपंचांना, पुळणीवरच्या मच्छीमारांना सांग की काय करणार आहेस आणि पैसे कुणाचे आहेत. "माझेच आहेत" हे उत्तर तुझी सगळ्यात मोठी ताकद आहे, ती लपवू नकोस. आणि ड्रोन घेऊच नकोस. सरकारी नोंदणी, उडवायच्या क्षेत्रांचे नकाशे, २५० ग्रॅमच्या वर नियम आणखी कडक, हे सगळं निस्तरता येईल, पण सड्यावर ड्रोन उडाला की गावाशी जुळलेलं एका दुपारीत तुटेल. काकणाच्या घरट्याजवळ तर तो न्यायचाच नाही. वरून दिसणारा सडा हवा असेल तर शेजारच्या टेकडीवर चढ.

सड्याचं फक्त एक लक्षात ठेव. सातबाऱ्यावर तो पोटखराबा म्हणून लिहिलेला असतो, आणि पडीक जमीन म्हटली की ती कशालाही देता येते. तिथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली तेव्हा लोकांनी सड्याकडे वळून पाहिलं. तिथल्या जिवांकडे अजून तसं कुणी पाहिलेलं नाही. रिफायनरी हवी की नको हे फिल्ममध्ये सांगायची तुला गरज नाही. तिथे काय जगतं ते नीट दाखव.

पैशांचं. दीड लाख आत्ताच वेगळ्या खात्यात टाक आणि शूटिंग संपेपर्यंत त्याला हात लावू नकोस. ते संकलन, आवाजाचं मिश्रण, रंगांचं काम आणि सबटायटल यांसाठी. स्वखर्चाच्या बहुतेक फिल्म इथेच अडकून पडतात: शूट झालेलं असतं आणि पुढे पैसे नसतात. दोन लाख जाण्यायेण्याला आणि माणसांना. होडी घेतलीस तर नुसत्या डिझेलचे पैसे देऊन भागत नाही, त्या दिवसाची बुडालेली मासेमारीही भरून द्यायची. वाट दाखवायला येणाऱ्या पोराला रोजच्या रोज पैसे दे आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव घाल. काका-काकूंना जेवणाचे पैसे देऊ केलेस तर ते रागावतील, तेव्हा किराणा भरून टाक. उरलेल्या दीडमधले ५० हजार आवाज, बॅटऱ्या आणि डिस्कला, एक लाख कॅमेऱ्याला.

एका लाखात जुना, वापरलेला मिररलेस कॅमेरा आणि ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स बसवता येईल. कंपनी कुठलीही चालेल, कमी उजेडात चित्र स्वच्छ यायला हवं. काकणासाठी ६०० ची लेन्स लागेल तेव्हा भाड्याने घे. ट्रायपॉड मात्र जड आणि तेलाच्या डोक्याचा (फ्लुइड हेडचा) घे, पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना हिसका बसला की शॉट गेला. दगडी गडग्यावर (कुंपणाच्या भिंतीवर) कॅमेरा टेकवायला तांदळाची पिशवी पुरते. आवाजाकडे दुर्लक्ष करू नकोस, वाऱ्यासाठी केसाळ टोपी असलेला मायक्रोफोन पहिल्या महिन्यातच घे आणि प्रत्येक जागी, काही घडत नसताना, दोन मिनिटं नुसता आवाज घेऊन ठेव. संकलनात मला सगळ्यात जास्त तोच हवा असतो आणि तोच कुणाकडे नसतो. चांगल्या दर्जाचं ४के चित्रण तासाला ४५ जीबीच्या आसपास जागा खातं. दोन डिस्क ठेव, एक गावी, एक धनकवडीत. खारा वारा आणि पावसाळी दमट हवा लेन्समध्ये बुरशी धरते, म्हणून रोज रात्री पुसून सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

कॅमेरा शिकायला गावचे दिवस घालवू नकोस. तळजाई तुझ्या घरामागे आहे, तिथल्या मोरांवर हात बसव. हिवाळ्यात रविवारी पहाटे सोलापूर रस्त्याने कवडीपाटला जा, उडणारा पक्षी फ्रेममध्ये धरायला तिथे शिकशील. चित्रभाषा नीट शिकायची असेल तर फिल्म इन्स्टिट्यूटचे छोट्या मुदतीचे अभ्यासक्रम असतात. सड्यावरच्या फुलाचं नाव अडलं तर कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, किड्या-बेडकांसाठी आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं. फिल्ममध्ये चुकीचं नाव गेलं तर ते कायमचं राहतं, तेव्हा विचारायला लाजू नकोस.

मध्येच कुणीतरी भेटेल, बहुधा एखादा रिसॉर्टवाला, आणि म्हणेल की पुढचा खर्च मी करतो, शेवटी फक्त आमचं नाव येऊ दे. नको म्हण. त्याला पाहुणे हवे असतात आणि पाहुण्यांना काकणाचं झाड हवं असतं.

फिल्म दीड तासाची करू नकोस, चाळीसेक मिनिटांची कर. निवेदन गावच्या बोलीत, जमलं तर काकूंच्या आवाजात. पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव पर्यावरणाच्या फिल्मसाठीच आहे, मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून डॉक्युमेंटरी दाखवतो. दोन्हीकडे पाठव, निवड झाली तर आनंदच. पण "कोण बघणार" याचं पहिलं उत्तर तुझ्या गावात आहे. मे महिन्यात मुंबई-पुण्याचे चाकरमानी घरी असतात, सडा आणि जमिनी ज्यांच्या नावावर आहेत ती सगळी माणसं तेव्हा एका ठिकाणी सापडतात. जमिनीचं काय करायचं हे तीच ठरवतात. महोत्सवाच्या आधी त्यांना दाखव. मे महिन्यात शाळेचं सभागृह लग्नांसाठी आधीच गेलेलं असतं, तेव्हा तारीख शिमग्यालाच सांगून ठेव.